चेंबरच्या तळाशी एक चुंबक

आमच्या घरात गाडी चालवतात ते मुलांचे अब्बा, आणि गाडीची वही असते माझ्याकडे. जुनी घेतलेली पेट्रोल व्हॅन आहे. सकाळी शाळेची मुलं, दुपारी खेडच्या बाजारातून वाडीवस्तीवरच्या दुकानदारांचा माल, लग्नसराईत वऱ्हाड. घरचं रेशन, मुलांच्या फिया, अम्मींची औषधं, सगळं या एका इंजिनाच्या जिवावर. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, कामाचा खर्च असे रकाने मी पहिल्यापासून ठेवत आले. मग एके वर्षी वहीत आणखी एक रकाना आला. त्याचं नाव ‘चुंबक’.

झालं असं, की माझा धाकटा भाऊ कुवेतला एका गॅरेजमध्ये कामाला आहे. सुट्टीवर येताना खजूर, अत्तर, मुलांना चॉकलेटं हे ठरलेलं. त्या खेपेला त्याने खिशातून कागदात गुंडाळलेला एक बोल्ट काढला. म्हणाला, “दुलाभाई, हा तुमच्या गाडीला.” बोल्टाच्या टोकाला बोटाच्या नखाएवढं चुंबक बसवलेलं होतं. माझ्या शिवणाच्या डब्याजवळ ठेवला तर चार टाचण्या उडून त्याला चिकटल्या. मुलांना तो खेळ वाटला. मला मात्र प्रश्न पडला, की एवढ्याशा चुंबकाने इंजिनाचं काय भलं होणार?

या प्रश्नाचं उत्तर मला तीन टप्प्यांत मिळालं. पहिले दोन टप्पे भावाने आणि आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजवाल्या उस्तादांनी समजावले. तिसरा आम्ही पैसे मोजून शिकलो. ज्यांच्या घरची चूल गाडीवर चालते, त्यांना तो फुकट शिकता यावा म्हणून हे लिहिते आहे.

तेलात लोखंड येतं कुठून?

इंजिनाच्या तळाशी तेलाचं एक भांडं असतं. गॅरेजमध्ये त्याला ‘चेंबर’ म्हणतात. इंजिनातून फिरून आलेलं तेल त्यात उतरतं आणि पंप ते पुन्हा वर ओढतो. चेंबरच्या तळाला एक बोल्ट असतो. तो काढला की जुनं तेल वाहून जातं. हाच ड्रेन बोल्ट. चुंबकाचा बोल्ट म्हणजे त्याचाच भाऊ, फक्त आतल्या टोकाला चुंबक असलेला.

इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासतात, कॅम आपल्या रॉकरवर घासतो, टायमिंगची साखळी दात्यांवरून फिरते. मधे तेलाचा थर असतो, पण तो काही मायक्रॉनचाच. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. सकाळी गाडी चालू करताना तेल खाली उतरलेलं असतं. ते वर पोचेपर्यंतच्या काही क्षणांत घासणं जास्त होतं. इंजिन कितीही चांगलं असलं तरी लोखंडाची बारीक पूड तेलात येणारच.

मग ऑइल फिल्टर कशाला आहे? फिल्टर आपलं काम करतो. साधारण २०-३० मायक्रॉनपेक्षा मोठे कण तो बऱ्यापैकी अडवतो. त्याहून बारीक पूड मात्र त्यातून बरीचशी निसटते आणि तेलाबरोबर फिरत राहते. शिवाय फिल्टर चोंदला किंवा थंडीत तेल घट्ट झालं, तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून फिल्टरमधली एक झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं. चुंबकाला कणाच्या आकाराची अट नाही. जवळून जाणारं लोखंड, मग ते कितीही बारीक असो, ते धरून ठेवू शकतं. अट एकच, कण त्याच्या जवळून जायला हवा. जे लांबून जातं ते जातंच. म्हणून चुंबक फिल्टरची जागा घेत नाही.

ही कल्पना काही गाडी सजवणाऱ्यांच्या डोक्यातून आलेली नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाच्या तसराळ्यात कंपन्या स्वतःच चुंबकं ठेवतात. बऱ्याच साध्या गिअरबॉक्सच्या ड्रेन बोल्टलाही चुंबक असतं, कारण दात्यांवर दाते घासून तिथे लोखंड जास्त सुटतं. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये तर चुंबकाला विजेची दोन टोकं जोडलेली असतात. लोखंडाचा चुरा साठून ती टोकं जुळली की वैमानिकासमोर दिवा लागतो. म्हणजे जिथे चूक परवडतच नाही, तिथे हे साधन खबर देण्यासाठी वापरतात. ‘खबर’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येईल.

बोल्ट निवडताना

भावाने आणलेला बोल्ट घेऊन हे उस्तादांकडे गेले, तर त्यांनी तो आधी हातात तोलला, मग गाडीखाली जाऊन जुना बोल्ट पाहून आले. म्हणाले, “आटे जुळले नाहीत तर हा बोल्ट चेंबर खाईल.”

ड्रेन बोल्ट सगळ्या गाड्यांचे सारखे नसतात. होंडा आणि ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांना १४ मिलिमीटर जाडीचा, १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा बोल्ट लागतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १२ मिलिमीटरचा, १.२५ अंतराचा. डोळ्यांना फरक कळत नाही. चुकीचा बोल्ट दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि पान्याने जोर लावला की चेंबरचे आटे जातात. म्हणून गाडीचं मॉडेल आणि साल सांगून बोल्ट घ्यावा आणि बसवण्याआधी जुना-नवा शेजारी ठेवून पाहावा. जाडी, आटे, डोक्याखालची लांबी, वॉशर बसण्याची जागा, सगळं जुळायला हवं. चुंबकाचं टोक आत फार लांब गेलं तर चेंबरमधल्या पत्र्याला किंवा तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीला लागू शकतं. तेही पाहावं.

दुसरी गोष्ट चुंबकाची. आजचे ताकदवान चुंबक निओडायमियम, लोह आणि बोरॉन यांचे असतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि त्याच काळात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी ते तयार केले. ताकद मोठी, पण उष्णतेपुढे नाजूक. साध्या प्रतीचं निओडायमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमावू लागतं, आणि चालत्या इंजिनातलं तेल सहज १०० अंशांच्या आसपास असतं. म्हणून जास्त उष्णता सोसणाऱ्या प्रतीचं निओडायमियम किंवा समेरियम-कोबाल्टचं चुंबक लागतं. बोल्टावर किंवा वेष्टनावर किती तापमानापर्यंतचा आहे ते लिहिलेलं नसेल, तर स्वस्त म्हणून घेऊ नये.

तिसरी गोष्ट, चुंबक बोल्टात दाबून पक्कं बसवलेलं असावं. नुसतं डिंकाने चिकटवलेलं असेल तर तेल आणि उष्णतेने सुटायची भीती असते. उस्तादांची परीक्षा सोपी. पक्कडीत पोलादी खिळा धरून चुंबकाला लावायचा आणि जोरात ओढायचा. खिळा सुटावा, चुंबक हलू नये.

गाडी नवी आणि वॉरंटीत असेल तर बोल्ट बदलण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारावं, आणि उत्तर लेखी घ्यावं. पुढे वाद झाला तर तोंडी होकाराला किंमत राहत नाही.

बसवण्याची रीत

यासाठी वेगळा खर्च नको. तेल बदलायच्या दिवशीच बोल्ट बदलावा. काम मेकॅनिककडून करून घेतलं तरी क्रम आपल्याला माहीत असावा.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड किंवा ठोकळे लावलेले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जाऊ नये, खाली पक्के स्टँड हवेत. इंजिन कोमट असावं. फार गरम असेल तर तेलाने हात भाजतो, अगदी थंड असेल तर तेल नीट उतरत नाही. जुना बोल्ट रिंग पान्याने किंवा गोटीने सोडवावा. साध्या फिक्स पान्याने डोक्याचे कोपरे गोल होतात.

तेल पूर्ण निथळू द्यावं. बोल्टाची बसायची जागा स्वच्छ कापडाने पुसावी. वॉशर नवाच घालावा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तो वॉशर दाबला जाऊन जागा बंद करतो. एकदा दबलेला पुन्हा तसा दबत नाही. दहा-वीस रुपयांच्या वॉशरसाठी थेंबथेंब तेल गळू देणं हा कसला हिशेब?

नवा बोल्ट आधी हाताने फिरवावा. निदान चार-पाच फेरे बोटांनीच जायला हवेत. अडला तर काढून पुन्हा सरळ लावावा. शेवटी टॉर्क पान्याने आवळावा. अनेक छोट्या गाड्यांसाठी हा आकडा ३५ ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. आजकाल बऱ्याच गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असतात, बोल्ट पोलादाचा. ‘गळायला नको’ म्हणून पान्यावर पाय देऊन आवळणारा हात पुढच्या वेळी आटेच बाहेर काढतो. मग नवे आटे पाडा, नाहीतर चेंबर बदला.

मग मापात नवं तेल, नवा फिल्टर, मिनिटभर इंजिन चालू, खाली वाकून गळती पाहणं, इंजिन बंद करून थोडं थांबणं आणि डिपस्टिकवर पातळी पाहणं. एवढं झालं की काम झालं.

चुंबकावर काय दिसतं?

पहिल्यांदा तेल बदललं तेव्हा मीही गॅरेजवर गेले होते. उस्तादांनी बोल्ट काढला. टोकावर काळसर राखाडी मलम साचलेलं होतं, काजळासारखं. माझ्या पोटात गोळा आला. ते हसले, “भाभी, हे असणारच. नसतं तर मी विचारात पडलो असतो.”

त्यांनी मला वाचायला शिकवलं. बोटांत चोळल्यावर खर लागत नाही असं मऊ राखाडी मलम, हे रोजच्या झिजेचं. नव्या किंवा नुकत्याच काम झालेल्या इंजिनात ते जास्त असतं, पुढे कमी होतं. मलमात केसासारखे बारीक कण उभे राहिले तर पुढचं तेल लवकर बदलून पुन्हा पाहायचं. डोळ्यांना दिसणाऱ्या, बोटाला टोचणाऱ्या कपच्या असतील तर फिल्टर कापून आतला कागद तपासायचा आणि कारण शोधायचं. तुकडा निघाला, तर गाडी चालूच करायची नाही.

एका वेळच्या पाहण्याला मात्र फार अर्थ नसतो. अर्थ आहे तो तुलनेला. म्हणून मी दर वेळी चुंबक पांढऱ्या कागदावर पुसते, मोबाईलवर फोटो काढते आणि वहीत किलोमीटरसमोर लिहिते: ‘पातळ मलम’, ‘जाड मलम’, ‘कण’. पुसताना हातमोजे घालावेत. वापरलेलं तेल कातडीला घातक असतं. मुलांना त्यात हात घालू देऊ नये.

जे चुंबकाला दिसत नाही

आता तो तिसरा टप्पा.

दुसऱ्या वेळी मलम पहिल्यापेक्षा पातळ निघालं. आम्ही खूश. मुलांचे अब्बा म्हणाले, “इंजिन फर्स्ट क्लास आहे.” आणि तिथे आमची चूक सुरू झाली. आमच्या गाडीला १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल तेव्हा तेल बदलायचं असतं. शाळेच्या फिया भरायच्या होत्या, चुंबक स्वच्छ होतं, म्हणून ते १४,००० वर गेलं. मधे एकदा पातळी खालच्या खुणेखाली गेलेली होती. वहीत ती नोंदही आहे, माझ्याच अक्षरात. पण चुंबकाच्या रकान्याने माझ्या मनातल्या बाकी सगळ्या रकान्यांवर पांघरूण घातलं होतं.

तिसऱ्या वेळी बोल्ट निघाला तो जवळजवळ कोरा. मी फोटो काढला. उस्ताद मात्र बोल्टाकडे पाहतच नव्हते. तेलाचं घमेलं त्यांनी उन्हात ओढलं होतं. काळ्या तेलात काहीतरी लकलकत होतं, मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाची पूड मिसळावी तसं. त्यांनी बोल्टाचं टोक त्यात फिरवून काढलं. वर्खाचा एक कण चिकटला नाही.

“हे लोखंड नाही,” ते म्हणाले. “बेअरिंग बोलतंय.”

क्रँक ज्यात फिरतो ती बेअरिंगं म्हणजे पोलादी पाठीवर दिलेला मऊ धातूचा थर. काही इंजिनांत तो ॲल्युमिनियम आणि कथलाचा असतो, काहींत तांबं आणि शिशाचा. यांतला एकही धातू चुंबकाला चिकटत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तोही चिकटत नाही. एअर फिल्टर फाटला तर आत जाणारी धूळही नाही. आपल्या कोकणातली माती लोहाने लाल असली, तरी ते लोह गंजाच्या रूपातलं; चुंबक त्याला फारसं ओढत नाही. म्हणजे इंजिनाला मारणाऱ्या कितीतरी गोष्टी चुंबकाच्या समोरून जातात आणि ते कोरंच राहतं.

उस्तादांनी सांगितलं, चेंबर उतरवून बेअरिंग पाहू, दोन दिवस गाडी ठेवा. मुलांच्या परीक्षा चालू होत्या. शाळेची खेप कोण करणार? “परीक्षा संपू दे,” असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

तीन आठवड्यांनी महाडहून परतताना कशेडी घाटात तेलाचा लाल दिवा लागला आणि इंजिनातून ठकठक सुरू झाली. गाडी रिकामी होती, मुलं नव्हती, ही अल्लाहची मेहेरबानी. टेम्पोला बांधून गाडी गॅरेजवर आणली. चेंबर खोललं तेव्हा चुंबकावर पोलादाच्या लांब कपच्या होत्या. मऊ थर संपून खालची पाठ क्रँकला घासू लागली, तेव्हा कुठे चुंबकाला दिसलं. तोवर क्रँकवर चरे पडले होते. क्रँक घासून घेणं, नवी बेअरिंगं, रिंगा, पंप, आणि महिनाभर शाळेच्या खेपेला भाड्याची गाडी. माझ्या दोन बांगड्या सोनाराकडे गेल्या.

चुंबकाने आम्हाला फसवलं, असं मी कधी म्हणत नाही. त्याने लोखंडाची साक्ष दिली, आणि ती खरी होती. ज्याची साक्ष ते देऊच शकत नव्हतं, तेही आम्ही त्याच्याच तोंडून ऐकलं.

त्यानंतर आमच्या घरचा नियम असा आहे. तेल ठरलेल्या किलोमीटरला बदलायचंच, चुंबक काहीही म्हणो. दर शुक्रवारी सकाळी गाडी सपाट जागेवर थंड असताना डिपस्टिक पाहायची. तेल बदलताना घमेलं उन्हात न्यायचं आणि चमक दिसली तर चुंबक फिरवून पाहायचं. चिकटली तर पोलाद, नाही चिकटली तर बहुधा बेअरिंग किंवा पिस्टन. दोन्हींत थांबायचं. आणि उस्ताद ‘दोन दिवस ठेवा’ म्हणाले, तर ठेवायची.

जुन्या तेलाचं काय?

एक गोष्ट गाडीची नाही, गावाची आहे. काढलेलं तेल पऱ्ह्यात, गटारात किंवा परसात ओतलेलं मी पाहिलं आहे. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, तेही पावसाने धुपून जमिनीत उतरतं. आपल्या विहिरी त्याच जमिनीत आहेत. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. ते बंद डब्यात साठवून, परवाना असलेल्या पुनर्वापरवाल्याला ते देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावं. आम्ही पाच लिटरचा रिकामा डबा त्यासाठीच ठेवला आहे. चुंबक पुसलेला कागद आणि चिंध्याही उस्तादांकडेच जमा करतो.

नवं काम झालेल्या इंजिनाचं पहिलं तेल उस्तादांनी १,००० किलोमीटरलाच काढायला लावलं. चुंबकावर इतकं मलम होतं की मुलांचे अब्बा माझ्याकडे पाहू लागले. यावेळी मीच त्यांना सांगितलं, “नव्या रिंगा बसतायत. पुढच्या वेळी कमी दिसेल.” पुढच्या वेळी कमी दिसलं. त्यानंतर आणखी कमी.

परवा भावाचा फोन आला होता. विचारत होता, बोल्टाचा फायदा झाला का? मी म्हटलं, झाला, पण तू सांगितलास तो नाही. या बोल्टामुळे घरातला प्रत्येक जण वर्षातून एकदा तरी गाडीच्या तेलाकडे वाकून पाहू लागला. वहीत आता ‘चुंबक’च्या शेजारी आणखी एक रकाना आहे. त्याचं नाव ‘चमक’. तो अजून रिकामा आहे, आणि रिकामाच राहो.